नाण्याचा कस

मराठीत कमी प्रतीच्या वस्तूला आपण 'हिणकस' म्हणतो. हिणकस कापड, हिणकस माल, हिणकस लिखाण. शब्द फोडून पाहिला तर तो थेट सोनाराच्या दुकानातून आलेला आहे. हीन आहे कस ज्याचा, तो हिणकस. अस्सल सोनं बावनकशी. दगडावर घासून कस बघायचा ती कसोटी. प्रसिद्ध माणूस नाणावलेला. आणि हे सगळं पारखून देणारा सराफ, म्हणजे अरबीतला 'सर्राफ'. नाणी बदलून देणारा आणि नाण्याची पारख करणारा, असे दोन्ही अर्थ त्या शब्दात आहेत. धातूची परीक्षा आणि माणसाची परीक्षा या दोन गोष्टींसाठी आपल्या भाषेने वेगळे शब्द केलेच नाहीत. एकाच शब्दावर दोन्ही कामं भागवली.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. विज्ञान माझा विषय नाही. पण नववी-दहावीच्या मुलांचा एक अनुभव बहुतेक शिक्षकांना असतो: 'धातुविज्ञान' हा धडा ते पाठ करतात आणि नीतीचे धडे ऐकून सोडून देतात. संमिश्र म्हणजे काय, हे परीक्षेत लिहितात. खोटं बोलू नये, हेही लिहितात. दोन्ही गोष्टी वहीतून बाहेर येत नाहीत. म्हणून विज्ञानाच्या सरांनी आणि मी मिळून मुलांना एक काम दिलं. प्रत्येक गटाने कागदावर एक स्मरणनाणं तयार करायचं. त्याबरोबर तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. नाणं कोणाच्या किंवा कशाच्या आठवणीसाठी? ते कोणत्या धातूंचं, किती प्रमाणात? आणि कोणी त्याची नक्कल केली, तर ती ओळखायची कशी? एक अट पहिल्याच दिवशी सांगितली. चलनातलं नाणं वितळवणं किंवा तोडणं हा २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, त्यामुळे 'प्रयोग' म्हणून कोणीही खिशातलं नाणं चुलीत टाकायचं नाही.

त्या तीन प्रश्नांची उत्तरं शोधताना आम्ही इतिहासात बरंच फिरलो. इथे लिहायचं आहे ते त्याबद्दल.

नाण्यावर कोण?

पूर्वीच्या काळी राज्य कोणाचं हे दोन खुणांवरून कळायचं. जुम्याच्या खुतब्यात नाव कोणाचं घेतलं जातं आणि सिक्क्यावर नाव कोणाचं आहे. नवा सुलतान गादीवर आला की टांकसाळीला काम लागायचं. विजयाचीही नाणी निघत. अकबराने १६०१ मध्ये खानदेशच्या फारूकी सुलतानांचा असीरगड घेतला, तेव्हा त्या विजयाची सोन्याची मोहोर काढली. तिच्यावर ससाणा आहे. आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' अशी अक्षरं असलेले सोन्याचे होन आणि तांब्याच्या शिवराया निघाल्या. शिवराई तर राज्यं बदलली तरी बाजारात फिरत राहिली.

या सगळ्यांत एक नाणं मुलांना फार वेगळं वाटलं. उमय्या खलिफा अब्दुल मलिक यांच्या काळापर्यंत अरबांच्या बाजारात रोमन पद्धतीची सोन्याची आणि इराणी पद्धतीची चांदीची नाणी चालत. त्यांच्यावर सम्राटांची चित्रं असत. हिजरी ७७ मध्ये, म्हणजे इसवी सन ६९६-९७ मध्ये, अब्दुल मलिक यांनी नवा दीनार काढला. वजन सुमारे ४.२५ ग्रॅम. त्यावर चित्र नाही. दोन्ही बाजूंना फक्त अक्षरं: अल्लाह एक असल्याची ग्वाही, कुरआनातला मजकूर आणि नाणं पाडल्याचं हिजरी वर्ष. ज्याच्या हुकमाने हे नाणं निघालं, त्या खलिफाचं नाव मात्र त्यावर नाही.

एवढ्या मोठ्या साम्राज्याचा धनी, आणि स्वतःच्या सोन्यावर स्वतःचं नाव नाही. मुलांनी विचारलं, मग लोकांनी विश्वास कशावर ठेवला? उत्तर सोपं आहे. वजनावर आणि शुद्धतेवर. ती नाणी वजनाला सारखी भरत आणि सोनं चोख असे. आज संग्रहालयांतल्या नाण्यांची तपासणी होते तेव्हाही ते दिसतं.

पितळेचं वचन

दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे धातूसाठी, आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण होतं. मराठीत विचार न करता घेतलेल्या निर्णयाला 'तुघलकी' म्हणतात. मुहम्मद बिन तुघलकाने दौलताबादला राजधानी हलवली ही गोष्ट सर्वांना माहीत असते. हिजरी ७३० ते ७३२ या काळात, म्हणजे १३२९-३० पासून, त्याने तांब्या-पितळेचे टंके काढले आणि त्यांची किंमत चांदीच्या टंक्याइतकी ठरवली. दौलताबादच्या टांकसाळीतूनही असे टंके निघाले. त्यांच्यावर लिहिलेलं होतं की जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो त्या दयाळू अल्लाहची आज्ञा पाळतो.

पुढे काय झालं ते इतिहासकार झियाउद्दीन बरनीने लिहून ठेवलं आहे. घराघरांतून खोटी नाणी पडू लागली. बरनीने त्याचा दोष हिंदूंच्या माथी मारला आहे. मुलांना मी हे लपवून सांगितलं नाही, कारण इतिहासकाराचाही कस बघायला शिकलं पाहिजे. ज्याला पितळ मिळेल आणि ज्याच्या हाताखाली एखादा कारागीर असेल, तो कोणत्याही धर्माचा असो, हे काम करू शकत होता. अस्सल टंका आणि नकली टंका यांच्या धातूत काही फरकच नव्हता. पितळ ते पितळ. वजन करा, घासून बघा, वाजवून बघा, उत्तर एकच. दोष रसायनशास्त्राचा होता आणि तो बरनीला दिसला नाही.

पण या गोष्टीला आणखी एक बाजू आहे आणि 'तुघलकी' म्हणताना ती आपण विसरतो. सुलतानाने चांदीचा मुलामा देऊन पितळ खपवलं नव्हतं. नाणं पितळेचं आहे हे सगळ्यांना दिसत होतं. आणि योजना फसल्यावर त्याने ती नाणी खजिन्यात परत घेऊन त्यांच्या बदल्यात सोनं-चांदी दिली. त्यात खजिन्याचं प्रचंड नुकसान झालं. परत आलेल्या टंक्यांचे ढीग तुघलकाबादेत पडून होते, असं बरनीच सांगतो. सुलतानाने इतर बाबतींत काय काय केलं त्याची यादी मोठी आहे आणि ती सगळी चांगली नाही. पण नाण्यावर लिहिलेलं वचन अंगाशी आलं तेव्हा तो मागे हटला नाही. वर्गात यावर दोन तट पडले. एका मुलीचं म्हणणं होतं, की प्रामाणिक माणसाने केलेली मूर्ख योजना आणि हुशार माणसाने केलेली फसवणूक यांना एकच शब्द कसा लावायचा? मला वाटतं, तिने विचारलं ते बरोबर विचारलं.

फोडलेला तराजू

तिसरा प्रश्न नक्कल ओळखण्याचा. इथे आम्ही थेट बाराव्या शतकातल्या मर्व शहरात पोहोचलो. आज ते तुर्कमेनिस्तानात आहे.

सेल्जुक सुलतान संजर याच्या काळात मुजफ्फर अल-इस्फिजारी नावाचे विद्वान होऊन गेले. उमर खय्यामचे हे समकालीन. त्यांनी वर्षानुवर्षं खपून एक तराजू तयार केला. वस्तू हवेत आणि पाण्यात तोलून तिच्यात भेसळ आहे की नाही हे त्यावर कळत असे. तराजू सुलतानाच्या खजिन्यात गेला. खजिनदाराला भीती वाटली, की या तराजूने आपलीच चोरी उघडी पडेल. त्याने तो फोडून टाकला. चरित्रकार बैहकी सांगतात, की त्या दुःखातच इस्फिजारी वारले.

त्यांच्यानंतर अब्दुर्रहमान अल-खाझिनी यांनी ते काम हातात घेतलं. खाझिनी हे रोमी वंशाचे गुलाम होते. मर्वच्या एका खजिनदाराच्या घरी वाढले, त्याने त्यांना शिकवलं, म्हणून नाव 'खाझिनी'. त्यांनी पाच पारड्यांचा तराजू बनवला आणि ११२१ मध्ये 'मीजानुल हिकमा', म्हणजे शहाणपणाचा तराजू, हा ग्रंथ पूर्ण केला. त्यात धातूंच्या आणि रत्नांच्या घनतेची कोष्टकं आहेत. त्यांच्या आधी अल-बिरूनीनेही अशी मोजमापं केली होती आणि खाझिनींनी त्यांचा आधार घेतला.

याच खाझिनींबद्दल असं नोंदलेलं आहे, की त्यांना हजार हजार दीनारांच्या भेटी आल्या तेव्हा त्यांनी त्या परत पाठवल्या. आपल्याला वर्षाला तीन दीनार पुरतात, घरात आपण आणि एक मांजर एवढेच आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं. आयुष्यभर सोनं तोलणाऱ्या माणसाला सोन्याचा मोह नव्हता. तराजू खरा राहण्यासाठी तोलणाराही तसाच लागतो, हे खजिनदाराच्या गोष्टीनंतर मुलांना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

तराजूचं तत्त्व वर्गात करून दाखवता येतं. वस्तू पाण्यात बुडवली की तिने जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढं तिचं वजन कमी भरतं. आम्ही जुन्या दुकानातलं २०० ग्रॅमचं पितळी वजन दोऱ्याने स्प्रिंगकाट्याला टांगलं. पाण्यात ते साधारण १७६ ग्रॅम भरलं. घट २४ ग्रॅम. २०० भागिले २४ म्हणजे घनता ८.३ च्या आसपास, पितळेच्या जवळ. सोन्याची घनता १९.३. तेवढ्याच वजनाच्या सोन्याची घट साडेदहा ग्रॅमसुद्धा झाली नसती. चांदी १०.५, तांबं ८.९६, शिसं ११.३. हे आकडे फळ्यावर लिहिल्यावर मुलांनी स्वतःच ओळखलं, की चांदीत तांबं मिसळलं तर घनता कमी होते, पण तांब्याबरोबर थोडं शिसंही घातलं तर फसवणूक पकडणं अवघड जातं. मग एकच परीक्षा पुरत नाही.

अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त अकबराच्या टांकसाळीचं वर्णन केलं आहे ते याचसाठी वाचण्यासारखं आहे. तिथे दारोगा, सराफ, तोलणारा, वितळवणारा, ठसे कोरणारा, ठसा मारणारा अशी माणसांची लांब यादी आहे. एकाचं काम दुसऱ्याच्या नजरेखालून जातं. सोन्याचा कस बघायची 'बनवारी' नावाची पद्धत तो सांगतो. ज्यांची शुद्धता आधीच ठाऊक आहे अशा सोन्याच्या रेघांशी नव्या सोन्याची रेघ कसोटीच्या दगडावर ताडून बघायची. सर्वांत चोख सोनं बारा बानीचं. आजचा सोनार त्या रेघेवर नायट्रिक आम्लाचा थेंब टाकतो. तांबं आणि चांदी विरघळतात, सोन्याची रेघ राहते.

मिश्रण आणि भेसळ

आता आजच्या स्मरणनाण्याकडे येऊ. स्वतंत्र भारतातलं पहिलं स्मरणनाणं १९६४ मध्ये पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघालं. त्यानंतर कितीतरी निघाली. अलीकडच्या वर्षांत शंभर रुपये किंवा त्याहून मोठ्या दर्शनी किमतीची जी अनेक स्मरणनाणी निघाली, ती ३५ ग्रॅम वजनाची, ४४ मिलिमीटर व्यासाची आणि चार धातूंची असतात. चांदी ५० टक्के, तांबं ४०, निकेल ५, जस्त ५. म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी आणि चौदा ग्रॅम तांबं.

सरांनी इथे मुलांना मोल काढायला लावले. साडेसतरा भागिले १०७.८७ आणि चौदा भागिले ६३.५५. उत्तर चांदी ०.१६ मोल, तांबं ०.२२ मोल. वजनाने चांदी जास्त, पण अणू मोजले तर चांदीच्या शंभर अणूंमागे तांब्याचे सुमारे एकशे छत्तीस. 'चांदीच्या' नाण्यात तांब्याचं बहुमत! मुलं हसली. पण एकाने लगेच विचारलं, मग सरकार फसवतं का?

हाच प्रश्न यायला हवा होता. या चार धातूंच्या मिश्रणाचा इतिहास असा आहे. इंग्रजांच्या काळात रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी असे. दुसऱ्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली आणि १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली. तेव्हा हे मिश्रण आपल्या रुपयात आलं. नकलांचा बंदोबस्त म्हणून नाण्याच्या कडेवर खास खाचही पाडली गेली. १९४७ पर्यंत रुपया निव्वळ निकेलचा झाला. प्रत्येक वेळी प्रमाण कायद्याने जाहीर होतं. आजही स्मरणनाण्याच्या सरकारी अधिसूचनेत धातूंची टक्केवारी छापलेली असते. शिवाय निव्वळ चांदी मऊ असते, लवकर झिजते. तांब्यामुळे तिला कणखरपणा येतो.

उर्दू माध्यमाच्या विज्ञानात संमिश्राला 'भरत' म्हणतात आणि भेसळीला 'मिलावट'. मराठीत संमिश्र आणि भेसळ. दोन्हींत धातू मिसळलेलेच असतात. मग फरक कशात? या ठिकाणी मी मुलांना ती प्रसिद्ध हदीस सांगितली. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तर आतून धान्य ओलं. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला होता. त्यावर प्रेषितांनी विचारलं, की मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस? आणि सांगितलं, की फसवणारा आमच्यातला नाही. धान्य भिजलं यात विक्रेत्याचा गुन्हा नव्हता. पाऊस काय कोणाच्या हातात असतो? ओलं धान्यसुद्धा कमी भावाने विकलं जाऊ शकलं असतं. गुन्हा ते खाली दडपण्यात होता.

नीतीच्या नावाखाली आपण मुलांना बहुतेक वेळा 'शुद्ध राहा' असं शिकवतो. हा शब्द मला आता पुरेसा वाटत नाही. शुद्धतेचा हट्ट धातूतही परवडत नाही आणि समाजात तर मुळीच नाही. माझी मुलं घरी दखनी बोलतात, शाळेत उर्दू लिहितात, बाजारात मराठीत भाव करतात. कोणी त्यांना एका बाजूने पुरतं मराठी मानत नाही, कोणी दुसऱ्या बाजूने त्यांची उर्दू हिणकस ठरवतं. त्यांना सांगायचं एवढंच, की तुम्ही मिश्रण आहात, भेसळ नाही. जे आहात ते उघड आहे. त्यात कणखरपणाच आहे.

मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त पाच रुपयांचं नाणं निघालं होतं. रंगाने पिवळं. मुलांना आधी वाटलं, त्यात थोडं तरी सोनं असणार. त्यात असतं ते ७५ टक्के तांबं, २० टक्के जस्त आणि ५ टक्के निकेल. एक मुलगा थोडा खट्टू झाला. मी म्हणालो, मौलानांना हेच आवडलं असतं. सहा ग्रॅमचं, सहा ग्रॅमच भरणारं, रिक्षावाल्याच्या हातात जाणारं नाणं.

मुलांच्या गटांनी काय काय केलं? कोणी खाझिनींचा तराजू काढला. कोणी गावातल्या शाळेची शंभरी निवडली. एका गटाने मात्र कल्हईवाला निवडला, कारण त्यातल्या एकाचे आजोबा दारोदार फिरून तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करायचे. दुसऱ्या गटाने त्यांना तिथल्या तिथे अडवलं. उर्दूत 'कलई खुलना' म्हणजे ढोंग उघडं पडणं. वरून चकचकीत आणि आत दुसराच धातू, ही तर फसवणूक!

त्या मुलाने आजोबांना विचारून उत्तर आणलं. कथील २३२ अंशाला वितळतं हा आकडा त्याने पुस्तकातून घेतला. बाकीचं आजोबांचं होतं. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, त्याने जुना मळ आणि गंज सुटतो, मग कथील कापसाने फिरवायचं. कल्हई केली नाही तर आंबट पदार्थात तांबं उतरतं आणि खाणाऱ्याला त्रास होतो. भांडं आतून तांब्याचं आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं, त्यानेच तर ते दिलेलं असतं. कल्हई कोणापासून काही लपवत नाही. ती खाणाऱ्याला जपते. मुलामा वेगळा, तो गिऱ्हाइकाला फसवायला दिलेला असतो.

नाण्याच्या मागच्या बाजूवर त्यांनी धातूंची टक्केवारी लिहायची ठरवली, मोठ्या अक्षरांत. त्यावर सरांनी विचारलं, की खऱ्या नाण्यावर असं कुठे असतं? गट म्हणाला, आमच्या नाण्यावर असेल.